झेक लोकांनी देव सोडला, मग शेजारच्या पोलंडने का नाही सोडला?

शिक्षण वाढलं, हातात पैसा आला, विज्ञान घराघरात पोचलं की देवधर्म आपोआप कमी होतो, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पुरोगामी मंडळी आशेने म्हणतात, धार्मिक मंडळी काळजीने म्हणतात, पण मनातून दोघांनाही ते खरं वाटतं. मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला युरोपच्या नकाशावरचे दोन शेजारी पुरेसे आहेत, झेक प्रजासत्ताक आणि पोलंड.

बघा ना, दोघंही स्लाव्ह, भाषा एकाच कुळातल्या, पोलंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला तोच मुळी झेक राजघराण्यातली मुलगी तिथल्या राजाशी लग्न करून गेली तेव्हा, म्हणजे ९६६ च्या सुमारास. दोघांनाही हिटलरने चिरडलं, नंतर दोन्हीकडे चाळीस वर्षं कम्युनिस्ट सरकार होतं, शाळेत तोच डार्विन आणि तोच मार्क्स शिकवला, आणि आज दोघंही युरोपियन युनियनमध्ये आहेत. तरी २०२१ च्या जनगणनेत झेकमध्ये जवळपास निम्म्या लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं, आणखी ३० टक्के लोकांनी तो रकानाच रिकामा सोडला, आणि त्याच वर्षी पोलंडमध्ये ७१ टक्के लोकांनी कॅथलिक म्हणून नोंद केली. आता यात शिक्षणाचा फरक कुठे आहे? विज्ञानाचा कुठे आहे? आणि कम्युनिस्टांनी धर्म मारला म्हणावं तर त्यांनी तो पोलंडमध्येही मारायचा प्रयत्न केलाच होता की.

फरक आहे तो इतिहासातल्या एका प्रश्नाचा. देश संकटात होता तेव्हा चर्च कुणाच्या बाजूने उभं होतं? माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस देवावर रागावून धर्म सोडतो असं फार कमी वेळा होतं, तो सोडतो कारण देवाच्या नावाने बोलणारी संस्था त्याच्या विरुद्ध बाजूला बसलेली त्याला दिसते. याला जोडून अजून एक कारण आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी झेक. चौदाव्या-पंधराव्या शतकात प्रागमध्ये यान हुस नावाचा एक धर्मगुरू होता, लोकांच्या भाषेत म्हणजे झेकमध्ये प्रवचनं करायचा, पैसे घेऊन पापक्षमा विकण्यावर सडकून टीका करायचा. त्याला जर्मनीतल्या कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला बोलावलं, राजा सिगिसमुंडने सुरक्षिततेची हमी दिली, आणि तिथे नेऊन ६ जुलै १४१५ ला त्याला जिवंत जाळलं. राख ऱ्हाइन नदीत टाकली, का तर भक्तांना काही उरू नये म्हणून. त्याच्या अनुयायांनी नंतर पंधरा वर्षं लढाया केल्या. पुढे १६२० मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या डोंगरावर झेक प्रोटेस्टंट सरदारांचा व्हिएन्नाच्या कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सैन्याने पराभव केला आणि पुढच्या जूनमध्ये प्रागच्या जुन्या चौकात २७ जणांना जाहीर ठार मारलं. त्यातल्या बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगलेली होती. आजही त्या चौकातल्या फरशीत २७ पांढरे क्रॉस बसवलेले आहेत, टुरिस्ट लोक घड्याळ बघायच्या नादात त्यांच्यावरून चालत जातात. त्यानंतर सरळ हुकूम निघाला की कॅथलिक व्हा नाहीतर देश सोडा. बी.एड. केलेल्यांनी कोमेनियसचं नाव ऐकलं असेल, आधुनिक शिक्षणशास्त्राचा बाप म्हणतात त्याला, तो याच हुकमामुळे देशोधडीला लागला आणि परत कधीच घरी आला नाही.

म्हणजे झेक माणसाच्या डोक्यात कॅथलिक चर्च कसं बसलं तर आपल्या माणसाला जाळणारं, व्हिएन्नाच्या बादशहाचं, जर्मन बोलणाऱ्यांचं. २८ ऑक्टोबर १९१८ ला देश स्वतंत्र झाला आणि आठवडा व्हायच्या आत लोकांनी त्याच चौकातला मेरीमातेचा खांब दोर लावून पाडला. खरं तर तो खांब स्वीडिश सैन्यापासून शहर वाचलं म्हणून उभारलेला होता, पण इतकं बारीक कोण बघतं, लोकांना त्यात हॅब्सबर्गचा विजयस्तंभच दिसायचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत दहा लाखांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं, हे सगळं कम्युनिस्ट यायच्या आधी, हे नीट लक्षात घ्या. १९२५ मध्ये सरकारने हुसचा दिवस थाटात साजरा केला तर व्हॅटिकनचा राजदूत रागावून प्राग सोडून गेला. मग १९५० मध्ये कम्युनिस्टांनी मठांवर धाडी घातल्या, धर्मगुरूंना डांबलं, काहींचा छळ करून जीव घेतला, तेव्हा पोलंडमध्ये जसा देश चर्चच्या मागे उभा राहिला तसा इथे राहिला नाही. चर्च हे 'आपलं' नव्हतंच.

आणि कुणी म्हणेल की झेक माणूस मुळातच बुद्धिवादी, तर तसंही नाही. तिथे ताईत, ज्योतिष, 'काहीतरी शक्ती आहे बुवा' असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी चर्च सोडलं, गूढ काही सोडलं नाही. शिवाय स्लोव्हाकिया बघा, १९१८ पासून १९९२ पर्यंत मधली युद्धाची वर्षं सोडली तर झेकबरोबर एकाच देशात, तेच कम्युनिस्ट सरकार, तरी तिथे आज निम्म्याहून जास्त लोक कॅथलिक आहेत. स्लोव्हाक भाषेला पहिलं प्रमाण लिखित रूप दिलं ते बर्नोलाक नावाच्या कॅथलिक पाद्र्याने, १७८७ मध्ये. म्हणजे तिथे भाषा आणि अस्मिता चर्चच्या अंगणात वाढली.

आता पोलंड. १७७२ ते १७९५ मध्ये रशिया, प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाने हा देश तीन घासांत खाल्ला आणि पुढची १२३ वर्षं नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. राजा नाही, संसद नाही, सैन्य नाही. उरलं काय तर चर्च. त्यात रशिया ऑर्थोडॉक्स, प्रशिया प्रोटेस्टंट, म्हणजे पोलिश प्रार्थना म्हणणं हाच सरकारविरोध. १९०१ मध्ये व्झेश्निया नावाच्या गावात काय झालं ते ऐका. प्रशियन सरकारने हुकूम काढला की शाळेत धर्माचा तास जर्मनमध्ये होणार. पोरांनी जर्मन पुस्तकं घ्यायला नकार दिला, उत्तरं द्यायला नकार दिला, मास्तरांनी त्यांना थांबवून घेऊन छड्यांनी बडवलं, बाहेर आईबापांचा जमाव जमला, त्यांच्यावर खटले भरून त्यांना तुरुंगात टाकलं. शाळकरी पोर हातावर वळ उठले तरी प्रार्थना आपल्याच भाषेत म्हणणार म्हणून अडून बसलं, आता त्या पोराच्या नातवाला तुम्ही सांगा की धर्म ही अफू आहे. तो ऐकेल का?

आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनने सैबेरियात हाकललेले पोलिश लोक फिरत फिरत वळिवड्याला आले, पाच हजाराच्या आसपास, त्यात बायका आणि मुलंच जास्त, आणि १९४३ पासून युद्ध संपून गेल्यावरही काही काळ तिथल्या कॅम्पमध्ये राहिले. सगळं गमावून आलेल्या या लोकांनी पंचगंगेकाठी शाळा चालवली, पोलिशमध्ये नाटकं केली, आणि चर्चही उभं केलं. देश नाही तर नाही, भाषा आणि प्रार्थना बरोबर आहे ना, तेवढ्यावर माणसं तगली.

मग कम्युनिस्ट आले तेव्हा हीच गोष्ट परत. क्राकोवच्या बाजूला नोवा हुता नावाचं नवं पोलाद-शहर वसवलं, कामगारांचं आदर्श शहर, आणि मुद्दाम त्यात एकही चर्च ठेवलं नाही. १९६० मध्ये तिथला एक लाकडी क्रॉस काढायला गेले तर कामगारांनीच दंगल केली. ज्यांच्या नावाने राज्य चाललं होतं तेच कामगार. शेवटी १९७७ मध्ये तिथे चर्च उभं राहिलं आणि त्याचं उद्घाटन ज्या कार्डिनलने केलं तो पुढच्याच वर्षी पोप झाला, जॉन पॉल दुसरा. १९८० च्या गदान्स्कमधल्या जहाजबांधणी कारखान्यातल्या संपात गेटवर पोपचा फोटो लावलेला होता. १९८४ मध्ये सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेच्या बाजूने बोलणाऱ्या फादर पोपियेउश्कोला सरकारी पोलिसांनी पळवून ठार मारलं. असं चर्च कोण सोडेल?

(एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, इतका एकजिनसी कॅथलिक पोलंड हा १९४५ नंतरचा आहे. त्याआधी तिथे लाखो ज्यू होते, युक्रेनियन होते. ज्यूंना नाझींनी मारलं आणि सीमा सरकल्या, म्हणून देश जवळपास एकाच धर्माचा उरला. राष्ट्र म्हणजेच आमचा धर्म असं म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.)

पण खरी परीक्षा पुढे आहे. चर्च लोकांच्या बाजूने उभं राहिलं म्हणून जर धर्म टिकत असेल, तर तेच चर्च सत्तेत जाऊन बसल्यावर काय होतं? याचं उत्तर आयर्लंडने दिलंय. इंग्रजांच्या राज्यात कॅथलिकांना जमीन, नोकऱ्या, मतदान सगळीकडे बंदी होती, लोक रानात दगडाला वेदी मानून चोरून प्रार्थना करायचे, त्यामुळे आयरिश म्हणजे कॅथलिक हे समीकरण रक्तात गेलं. १९७९ मध्ये पोप डब्लिनला आले तर एका मैदानात दहा लाखांहून जास्त लोक जमले, तेव्हा पूर्ण देशाची लोकसंख्या होती ३४ लाखाच्या आसपास. पण स्वातंत्र्यानंतर शाळा चर्चच्या, हॉस्पिटलं चर्चची, अनाथाश्रम चर्चचे, लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींना कोंडून कपडे धुवायला लावणाऱ्या लाँड्र्यासुद्धा चर्चच्या, त्यातली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली. मग मुलांवरच्या अत्याचारांची एकेक प्रकरणं बाहेर आली, २००९ च्या चौकशी अहवालाने तर देश हादरला, आणि लोकांना सगळ्यात जास्त संताप कशाचा आला तर धर्मगुरूंनी एकमेकांना पाठीशी घातलं याचा.

आणि यात आपल्या जवळचं एक नाव आहे. सविता हलप्पनवार, बेळगावची मुलगी, डेंटिस्ट, गॉलवेला राहायची. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ आठवड्यांची गरोदर असताना तिचा गर्भपात व्हायला लागला, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, तिने गर्भ काढून टाका अशी विनंती केली, पण ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली, वय फक्त ३१. हा कॅथलिक देश आहे असं आपण तिच्याशी बोलताना म्हटल्याचं तिथल्या एका नर्सने नंतर चौकशीत मान्य केलं. बेळगावच्या एका हिंदू मुलीला त्या धर्माशी काय देणंघेणं होतं? डब्लिनच्या रस्त्यावर हजारो लोक तिचा फोटो घेऊन उतरले. १९८३ मध्ये ज्या देशाने ६७ टक्के मतांनी गर्भपातबंदी घटनेत घातली होती त्याच देशाने २०१८ मध्ये ६६ टक्के मतांनी ती काढून टाकली. पस्तीस वर्षांत लोकांनी काही नवीन विज्ञान शिकलं नव्हतं. आपल्या लेकीबाळींच्या बाजूने कोण नाही हे त्यांना दिसलं.

पोलंडही आता त्याच वाटेवर आहे. १९८९ नंतर शाळेत धर्माचा तास आला, १९९३ मध्ये गर्भपातावर बंधनं आली, २०२० मध्ये कोर्टाने ती अजून आवळली आणि लाखो बायका-मुली रस्त्यावर आल्या, काही ठिकाणी थेट चर्चसमोर. तिथलं चर्च दर वर्षी शरद ऋतूतल्या एका रविवारी स्वतःच डोकी मोजतं, प्रार्थनेला किती आले. १९९० च्या सुमाराला निम्मे यायचे, आता ३० टक्क्यांच्या खाली आकडा गेलाय. प्रशियाच्या छड्यांनी जे झालं नाही, स्टालिनच्या माणसांनी जे झालं नाही, ते सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसल्याने तीस वर्षांत झालं.

आता दुसरं कारण, भीती. डेन्मार्क, स्वीडनमध्ये चर्चने कुणाला फार छळलं नाही, तरी रविवारी बाकं रिकामी असतात. डेन्मार्कमध्ये अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक चर्चचे मेंबर आहेत, टॅक्स भरतात, बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं तिथेच करतात, पण एरवी फिरकत नाहीत. कारण नोकरी गेली तर भत्ता आहे, आजारी पडलं तर दवाखान्याचं बिल नाही, म्हातारपणी सरकार बघतं. रोनाल्ड इंगलहार्ट आणि पिपा नॉरिस या अभ्यासकांनी जगभरच्या सर्व्हेंवरून हेच मांडलं की जिथे जगण्याची हमी असते तिथे देवाची रोज गरज पडत नाही. अमेरिका श्रीमंत आहे पण तिथे कॅन्सर झाला की घर विकायची वेळ येऊ शकते, इन्शुरन्स नोकरीला बांधलेला, आणि अडचणीत धावून येणारं कोण तर चर्च, जेवणाचे डबे आणून देणारे, नोकरीसाठी शब्द टाकणारे. शिवाय तिथे सरकारी चर्च नाही, पाद्र्याला पगार सरकार देत नाही, त्यामुळे प्रत्येक चर्चला लोक टिकवायला राबावं लागतं. तिथे गेलेल्या आपल्या मराठी लोकांचंही बघा, इथे वर्षातून एकदा देवळात जाणारी माणसं न्यू जर्सीत गेली की मुलांना रविवारी श्लोक शिकायला पाठवतात, मंडळाच्या गणपतीत मांडवाचं काम खांद्यावर घेतात, कारण परक्या देशात आपली माणसं तिथेच भेटतात. आणि अमेरिकेतही जेव्हापासून चर्च एका राजकीय पक्षाला चिकटलं तेव्हापासून गळती चालू आहे. गॅलपच्या पाहणीत चर्चचे मेंबर असलेले १९९९ मध्ये ७० टक्के होते, २०२० मध्ये ४७.

मग कुणी विचारतं, केरळचं काय? शिक्षण आहे, चांगले दवाखाने आहेत, तरी देवळं, चर्च, मशिदी भरलेल्या. पण तिथल्या शाळा आणि दवाखाने काढले कुणी? चर्चने, समाजसुधारक नारायण गुरूंच्या प्रेरणेने १९०३ मध्ये निघालेल्या एसएनडीपीसारख्या संस्थांनी, मुस्लिम संस्थांनी. तिथे आधारच मुळात धर्माच्या हातून आला, मग माणूस धर्मापासून तुटेल कसा. आणि आखाती देशांबद्दल बोलायचं तर जिथे 'मी मानत नाही' म्हटल्यावर तुरुंगात जावं लागतं तिथल्या आकड्यांवर मी काही बोलणार नाही.

आपलं काय? प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अहवालात ९७ टक्के भारतीयांनी देवावर विश्वास आहे असं सांगितलं. मला वाटतं आपल्याकडे रागावून सोडायला एकच एक संस्था नाही हे यामागचं मोठं कारण आहे. जर्मनीत सरकारी ऑफिसात जाऊन फॉर्म भरला, थोडी फी भरली की तुम्ही चर्चमधून बाहेर, पगारातून जाणारा चर्च टॅक्स बंद, आणि २०२२ या एका वर्षात ५ लाखांहून जास्त लोक कॅथलिक चर्चमधून असे बाहेर पडले. आपण कुठल्या खिडकीवर जाऊन राजीनामा देणार? आणि दुसरं म्हणजे, महाराष्ट्रात पुरोहितशाहीविरुद्धचं बंड धर्माच्या आतूनच झालं. हुसला जाळल्यापासून झेक लोक मनाने चर्चपासून तुटत गेले, इथे चोखोबाला देवळात घेतलं नाही तरी त्याचे अभंग वारीत गायले जातात, त्याची समाधी पायरीशी आहे. विठ्ठल बडव्यांचा नाही, आमचा आहे, असं म्हणायची सोय संतांनी करून ठेवली. १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले तेव्हा ते विठ्ठलाचं नाव घेऊनच बसले. आणि बाबासाहेबांनी काळाराम मंदिराच्या दारात माणसांना मार खाताना बघितलं, १९३५ मध्ये येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांना घेऊन बाहेर पडले ते बुद्धाकडे गेले. बाहेर पडणाऱ्यालाही जायला घर लागतं हे त्यांना कळत होतं.

म्हणून मला दोन्ही बाजूंना काही सांगायचंय. ज्यांना आपला धर्म मनापासून प्रिय आहे त्यांनी तो सत्तेच्या व्यासपीठावर जाताना बघून टाळ्या वाजवण्याआधी डब्लिनकडे बघावं, बाबा-महाराजांच्या पाया पडणारे मंत्री आणि मंत्र्यांना आशीर्वाद देणारे महाराज यात धर्माचं भलं नाही, लोक काही काळ गप्प बसतात आणि मग त्यांची पोरं निघून जातात.

आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे, दाभोलकरांनी या कामासाठी जीव दिला, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या आणि त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा आणि प्रबोधन यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते. आडगावात रात्री पोराला साप चावला, आरोग्य केंद्राला कुलूप आहे किंवा डॉक्टर आहे तर विषावरचं इंजेक्शन नाही, तालुक्याला जायला गाडी नाही, आणि मांत्रिक शेजारच्या वाडीत जागा आहे. तो बाप अडाणी आहे म्हणून मांत्रिकाकडे जातो असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, तो जातो कारण त्या रात्री दार उघडणारा तो एकटाच आहे. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी चमत्कारांची प्रात्यक्षिकं जरूर करावीत, पण त्याच गावात आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर हजर असावा आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन असावं म्हणून ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, आणि ते इंजेक्शन आलं की नाही ते दर पावसाळ्याच्या आधी जाऊन बघावं.